पांडा परत गेले त्या पानगळीत

दोन देशांमधली मैत्री तहांपेक्षा आणि सिंहासनांपेक्षा टिकाऊ असते, आणि तिचं जिवंत प्रतीक स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळणं हे नागरिकाचं भाग्य असतं. मला ते भाग्य पुष्कळदा लाभलं. मी जेव्हा जेव्हा ही मैत्री पाहायला एडिंबराला गेलो, तेव्हा ती आमच्याकडे पाठ करून झोपलेली होती. एकदाच जागी सापडली. तेव्हा ती बांबू खात होती आणि मधूनमधून पोट खाजवत होती.

चीनहून पांडांची ती जोडी आली तेव्हा आम्हीही या देशात नवे होतो. पांडांसाठी खास विमान, विमानतळावर बॅगपाइपवाले, पुढारी, त्या प्रसंगासाठी मुद्दाम विणून घेतलेलं चौकटीचं कापड. टीव्हीवर हे पाहताना मला आठवत होतं, की मी आणि माझी बायको वैदेही ग्लासगोला उतरलो तेव्हा अधिकाऱ्याने आमच्या बॅगेतली लोणच्याची बरणी उघडून वास घेतला होता आणि झाकण घट्ट लावून हात पुसले होते. त्याचंही बरोबर होतं. आम्ही कोणाच्या मैत्रीचं प्रतीक नव्हतो. वैदेही भूल देणारी डॉक्टर, मी पाण्याच्या पाइपांचे व्यास ठरवणारा इंजिनियर. असे पुष्कळ येतात.

ऑक्टोबर संपता संपता इथे घड्याळं तासभर मागे घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून दुपार रद्द होते. परवा ती वेळ पुन्हा आली. आमच्या गल्लीतली झाडं रिकामी झाली आहेत. भिजलेली पानं फुटपाथला अशी चिकटतात की त्यांना उचलताना फुटपाथच सोलला जाईल असं वाटतं. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस पाठीला यंत्र बांधून येतो, पानं आमच्या दारातून शेजाऱ्याच्या दारात उडवतो, आणि वारा ती परत आणतो. ओल्या पानांचा, कोणाच्या तरी धुराड्याचा आणि भिजलेल्या लोकरीचा एक मिळून वास असतो. तो आला की माझ्या डोळ्यांसमोर पिवळ्या रबरी बुटांची एक जोडी येते. बूट उलटे घातलेले असतात. डावा उजव्यात, उजवा डाव्यात.

पण आधी पांडांचं सांगतो.

ते दोघं इथे राहत होते, इथले नव्हते. करार असा, की जोडी चीनची, ठरलेल्या मुदतीसाठी भाड्याने दिलेली. पिल्लू झालं तर तेही चीनचं. जन्म स्कॉटलंडमध्ये, सुईणपण स्कॉटलंडचं, बारशाचा गाजावाजा स्कॉटलंडचा, आणि थोडं मोठं झालं की मूल चीनला. मला हा करार पहिल्यांदा वाचताना हसू आलं होतं. आपल्याकडे नातवंडं सांभाळायला आलेल्या आजी-आजोबांशी मुलं तोंडी जो करार करतात, तो यांनी लिहून काढला होता.

दर वसंतात वर्तमानपत्रं भान हरपत. पांडाच्या मादीला वर्षातून जेमतेम एखादा दिवस पिल्लाची इच्छा होते, आणि त्या दिवसाकडे दोन देश डोळे लावून बसत. तपासण्या होत. दोघांच्या घरांमधलं दार उघडलं जाई. नर आणि मादी एकमेकांकडे पाहत, जणू लग्न ठरवायला दोन्हीकडची माणसं जमली आहेत आणि चहा यायला उशीर होतोय. मग दार बंद होई. मग वैद्यकीय उपाय. मग उन्हाळाभर बातम्या: ती सुस्त आहे, ती कमी खाते आहे, आशेला जागा आहे. पांडाचं शरीरही असं लबाड, की पोटात काही नसताना सगळी लक्षणं दाखवतं, आणि असलेलं कधी कधी गुपचूप विरघळवूनही टाकतं. ऑगस्ट-सप्टेंबरात एक छोटं निवेदन येई, की या वर्षी पिल्लू होणार नाही.

अशी बरीच वर्षं गेली. आमच्या घरातही अशी काही वर्षं होती. त्यांच्याविषयी निवेदन काढावं लागलं नाही, एवढाच फरक. नंतर आम्ही फॉस्टर केअरर झालो. म्हणजे ज्या मुलांना काही काळ स्वतःच्या घरी राहता येत नाही, त्यांना कौन्सिल आपल्याकडे पाठवतं. आपण सांभाळायचं, आणि सांगतील तेव्हा परत द्यायचं. करार मी नीट वाचला होता. मला करार वाचायची सवय आहे.

पांडांची मुदत संपत आली त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या शेवटी आयला आमच्याकडे आली. चार वर्षांची. तिचं सगळं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत होतं. कौन्सिलची सोशल वर्कर फियोना ती पिशवी पाठीमागे लपवत आत आली, कारण तिला स्वतःलाच लाज वाटत होती. वैदेहीने काही न बोलता माळ्यावरची आमची छोटी निळी सुटकेस काढली, पुसली आणि आयलाच्या हातात दिली. "ही तुझी."

"चाकं फिरतात?" आयलाने विचारलं.

"चारी."

तिने सुटकेस हॉलमध्ये इकडून तिकडे ओढून खात्री करून घेतली, आणि मगच कोट काढला.

तिचं नाव सांगायला हरकत नाही, कारण त्या वयाच्या अर्ध्या स्कॉटलंडचं नाव आयला आहे. हरकत होती ती माझ्या सासूबाईंना. त्या नागपूरहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या.

"अहो जावईबापू," त्या पहिल्याच संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या लेकराला काय म्हणून हाक मारून राहिले तुम्ही? आयला? लोक शिवी देतात तशी?"

"आई, तिचं नावच आहे ते."

"असू दे. माझ्या तोंडून नाही निघायचं बाप्पा. मी बयो म्हणीन."

आणि बयो म्हणाल्या. आमच्यासाठी मात्र नियम होते. मुलाने आपल्याला आई-बाबा म्हणू नये. त्या जागा रिकाम्या नसतात. म्हणून मी श्री झालो आणि वैदेही 'वेडी' झाली, कारण 'दे' आणि 'ही' वेगळे म्हणेपर्यंत आयलाला धीर धरवत नसे. सासूबाईंना ती 'आजी' म्हणे. त्याला कोणाची हरकत नव्हती, कारण तो शब्द नियम लिहिणाऱ्यांना माहीतच नव्हता. ग्लासगोच्या उच्चारात 'आजी' अशी काही लांबते, की स्वयंपाकघरातून हाक सुरू झाली तर संपेपर्यंत माणूस वरच्या खोलीतून खाली येऊ शकतो.

आठवणींना क्रम नसतो, म्हणून जसं येतं तसं सांगतो. मेतकूट-भात. ती त्याला पिवळा भात म्हणायची आणि चमच्याने त्याच्यावर रस्ते काढायची. तूप कुठून कुठे जाणार हे आधी ठरवायची. नर्सरीतून आणलेली ओली पानं, जी मी खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर वाळवायची, आणि वाळली की तिला आवडेनाशी व्हायची. गाडीत मागच्या सीटवरून येणारा प्रश्न, "श्री, तुझा हा रंग धुतला तर जातो का?" मी सांगितलं, अजून तरी गेला नाही. "मग पावसात जायला हरकत नाही," ती म्हणाली. ग्लासगोत राहणाऱ्या माणसाला याहून मोठा दिलासा कोणता?

झोपताना ती रोज सुटकेस उघडून पाहायची. कपडे कपाटात लावलेले होते. सुटकेस रिकामीच होती. ती रिकामी आहे हेच तिला पाहायचं असावं.

वैदेही फार बोलत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांना समोरचा गप्प होण्याची सवय असते, स्वतःही ते शिकतात. पण त्या सप्टेंबरात ती फियोनाला म्हणाली, "जर असं ठरलं, की हिला घरी परत जाता येणार नाही, तर आम्ही आहोत. कायमचे." फियोनाने मान हलवली. "नोंद करून ठेवते," ती म्हणाली. आयलाची आई आजारी होती. कशाने, ते सांगायचा हक्क माझा नाही. तिच्याकडे उरलेल्या थोड्या गोष्टींत तोही एक. ती उपचार घेत होती आणि बरी होत होती. दर गुरुवारी मी आयलाला एका सेंटरवर घेऊन जायचो, आई तिला तास-दीड तास भेटायची. वैदेही एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "तिची आई बरी होऊ नये असं मला वाटत नाही. तिने बरं व्हावं, आणि हिने इथे राहावं. मला दोन्ही हवंय." दोन्ही मिळण्याची सोय कुठल्याच करारात नसते.

पांडा जाणार हे जाहीर झाल्यावर एडिंबराला रीघ लागली. आम्ही चौघं एका शनिवारी ट्रेनने गेलो. हेमार्केटला उतरून बस. सासूबाईंनी साडीवर माझं जाड जाकीट घातलं होतं, आणि पिशवीत धपाटे. प्राणिसंग्रहालय टेकडीवर आहे. चढताना त्या दर वळणावर थांबून एखादा प्राणी पाहायचं निमित्त करत. पांडांच्या घरासमोर रांग होती. लोक देवळात बोलतात तसे बोलत होते. काचेपलीकडे मादी झोपली होती, आमच्याकडे पाठ करून. निरोप द्यायला आलेल्या लोकांनी तिच्या पाठीचे फोटो काढले.

"हिला एकपण लेकरू नाही झालं?" सासूबाईंनी मला विचारलं.

"नाही. खूप प्रयत्न केले."

"कोणी?"

"सगळ्यांनीच. डॉक्टर, दोन्ही सरकारं."

"होय ना बाप्पा. एवढा गाव काचेला नाक लावून उभा, टीव्हीवाले उभे, सरकार उभं. कसं व्हायचं तिचं?" त्यांनी जीभ टाळूला लावून च्यक् केलं. "परत पाठवून राहिले ते बरं आहे. माहेरी गेली की सुधारेल."

सासूबाईंच्या मते जगातल्या बहुतेक दुखण्यांवर माहेर हा उपाय आहे. रक्तदाब, मधुमेह, नवऱ्याचा स्वभाव. पांडालाही तोच.

आयला काचेला कपाळ टेकून बराच वेळ उभी होती. मग वळून तिने विचारलं, "ही कुठे जाणार?"

"चीनला. ती तिकडची आहे."

"तिला कोणी सांगितलंय का?"

"काय?"

"की ती जाणार आहे."

मी म्हणालो, की ते मला माहीत नाही. आयलाला हे उत्तर आवडलं नाही. तिने रांगेतल्या माणसांकडे, दोरीकडे, दारातल्या बाईकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "हिची सोशल वर्कर कोण आहे?"

आमच्या मागचा माणूस हसला. वैदेही आयलाचा मफलर नीट करायला खाली वाकली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेली राहिली. परत येताना ट्रेनबाहेर काळोख होता, खिडकीत आमचेच चेहरे. धपाट्याचा वास डबाभर पसरला आणि समोरची बाई उठून दुसरीकडे गेली. "बसायला जागा झाली," आयला म्हणाली, आणि आडवी झाली.

केसांची गोष्ट त्यानंतरच्या आठवड्यातली.

आयलाचे केस तांबूस, बारीक आणि न संपणारे होते. पुढचे डोळ्यांवर यायचे. वैदेही क्लिपा लावायची, त्या वाटेत गळायच्या. केस कापायला आईची परवानगी लागते. आम्ही ती मागितली होती आणि वाट पाहत होतो. हे सगळं सासूबाईंना सांगितलेलं होतं, पण त्यांच्या लेखी परवानगी ही दुकानदाराकडून, शाळेकडून किंवा नवऱ्याकडून घ्यायची गोष्ट होती. लेकराच्या डोळ्यावरचे केस बाजूला करायला परवानगी हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. त्यांना एवढंच समजलं, की चार वर्षांच्या मुलीच्या केसांना अजून कात्री लागलेली नाही. म्हणजे जावळ राहिलं.

मी ऑफिसातून आलो तेव्हा आयला स्वयंपाकघरात उंच खुर्चीवर बसली होती. कपाळावर सरळ रेषेत केस, हातात बेदाण्यांची वाटी, कपाळावर कुंकवाचं बोट. समोर निरांजन.

"मामाच्या मांडीवर बसवायची रीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "मामा कुठून आणू? म्हणून खुर्चीवर. थोडेच घेतले समोरचे. कशी गोड दिसून राहिली पाहा."

"श्री, मला दिसतंय!" आयला ओरडली. "सगळं दिसतंय!"

मी तिथेच बसलो. त्यांनी काय केलंय हे सासूबाईंना समजावताना माझी मराठी अपुरी पडली. वैदेहीने फियोनाला फोन केला, खरं ते सांगितलं. फियोना शांत होती. "आजींना वाईट वाटून घेऊ नका म्हणावं," ती म्हणाली. "पण आयलाच्या आईला मी आधी सांगते. गुरुवारी तिने एकदम पाहायला नको."

गुरुवारी आई आमच्या आधीच येऊन बसली होती. पंचविशीची असेल. बाहीत हात ओढून घेतलेले, नखं खाल्लेली. मी त्या आधी तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोललो नव्हतो. आयला धावत गेली आणि कपाळ वर करून दाखवलं. आईने त्या रेषेवरून अंगठा फिरवला, इकडून तिकडे, आणि म्हणाली, "छान दिसतंय गं." मग आयला खेळण्यांकडे गेल्यावर ती माझ्याकडे आली. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"तिचे केस मी मुद्दाम कापले नव्हते," ती म्हणाली. "तेवढंच एक मी नीट ठेवलं होतं. पहिल्यांदा कापीन तेव्हा एक बट ठेवून देणार होते. माझ्या आईने माझी ठेवली होती." मग तिने विचारलं, अगदी हळू, माझ्यावर उपकार मागावेत तसं, "ते केस... टाकून दिले असतील ना?"

मला माहीत नव्हतं. घरी येऊन विचारलं.

"कचऱ्यात टाकीन का मी?" सासूबाई दुखावल्या. "लेकराचं जावळ आहे. पायदळी येऊ नये म्हणून झाडाखाली पुरलं. त्या लाल फळांच्या झाडाखाली, मागे."

अंधार पडला होता आणि पाऊस चालू होता. मी मोबाइलचा दिवा तोंडात धरून मागच्या अंगणातल्या रोवनच्या झाडाखाली गुडघ्यांवर बसलो आणि वरणाच्या डावाने माती उकरली. खुरपं होतं, पण शेडची किल्ली सापडेना. वैदेही माझ्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. छत्रीचं पाणी माझ्या मानेत जात होतं. खिडकीत सासूबाई आणि आयला शेजारी शेजारी, दोघी एकाच मापाच्या उत्सुकतेने पाहत होत्या. केस सापडले. त्यांनी ते आपल्या जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात बांधले होते, वर हळदीचं बोट. माती लागली होती, पण आतली बट कोरडी होती.

सासूबाईंना मी केस कशासाठी हवेत ते सांगितलं. मग त्यांनी ती बट निवडली, फुंकर मारली, आपल्या पर्समधली दागिन्यांची छोटी गुलाबी पुडी रिकामी केली आणि तीत ठेवली. "तिला म्हणा," त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्या बाईला कळलं नाही, की हिची आई आहे."

हे मी पुढच्या गुरुवारी जसंच्या तसं सांगितलं नाही. पुडी दिली. आईने ती उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. हळदीचा डाग पाहून तिने विचारलं, "हे काय आहे?" मी म्हणालो, "लहान मुलांचं जपून ठेवताना लावतात." तिने पुडी स्वेटरच्या आत ठेवली. त्या क्षणी मला कळलं, की आयला आमच्याकडे राहणार नाही. कोणी ठरवायच्या आधी कळलं. ज्या बाईला एवढं हवं असतं, ती बरी होते.

आयलाने कुठे राहायचं याची सुनावणी नोव्हेंबरात झाली. कोर्ट नाही, एक साधी खोली, टेबलाभोवती निर्णय देणारी तीन माणसं, मधे टिश्यूचा डबा, भिंतीवर पोस्टर. मी आयुष्यभर मोठ्या पदांच्या माणसांचा थाट पाहून मनात हसत आलोय. या तिघांचा काहीच थाट नव्हता, आणि त्यांच्यावर हसता आलं असतं तर किती बरं झालं असतं. त्यांनी सगळं वाचलं होतं. सगळ्यांचं ऐकलं. आईला त्यांनी विचारलं की मदत लागली तर कोणाला हाक मारशील, आणि तिने नीट उत्तर दिलं. आम्हाला त्यांनी विचारलं की मुलीला काय आवडतं. वैदेहीने सांगायला सुरुवात केली: पिवळा भात, खिडकीकडची उशी, दिवा बंद करायच्या आधी दोनदा विचारायचं... आणि मग थांबली, कारण तिच्या लक्षात आलं की ही माहिती ती पुढच्या माणसाला देते आहे. आईने पर्समधून पेन काढलं आणि ती लिहून घेऊ लागली.

निर्णय योग्य होता. दुःख करायला यापेक्षा वाईट अवस्था नाही. चूक झाली असती तर मी पत्रव्यवहार केला असता.

पांडा आणि आयला एकाच आठवड्यात गेले. पांडांच्या निरोपाला कॅमेरे, मुलांनी रंगवलेली कार्डं, रडणारी माणसं, मैत्रीविषयी पुन्हा भाषणं. त्यांच्या पिंजऱ्यांत काय ठेवलंय, विमानात त्यांच्याबरोबर कोण बसणार, बातम्यांत सगळं होतं. आयला एका मंगळवारी नर्सरीनंतर गेली. फियोनाची छोटी गाडी, मागच्या सीटवर निळी सुटकेस, या वेळी भरलेली. सासूबाईंनी तिला शिवलेलं खणाचं परकर-पोलकं कोटाच्या आत घातलं होतं, त्यामुळे कोटाची बटणं लागत नव्हती. त्यांनी तिच्या तळहातावर दही ठेवलं, वर साखर. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर ठेवतात तसं. आयलाने साखर तेवढी चाटली आणि दही माझ्या पँटला पुसलं.

"आजी येणार?" तिने विचारलं.

"आजी पण आपल्या घरी चालली, बयो," सासूबाई मराठीत म्हणाल्या. त्यांच्या व्हिसाचीही मुदत संपत आली होती. आयलाला 'आजी' आणि 'बयो' सोडून एक शब्द कळला नाही, पण तिने मान हलवली. मग ती वैदेहीला म्हणाली, "वेडी, माझा बेड दुसऱ्या कोणाला देऊ नकोस."

वैदेही हो म्हणाली. दारात एवढंच बोलता येण्यासारखं होतं. गाडी वळली. वैदेही आत जाऊन कपाटातले रिकामे हँगर एका बाजूला सरकवू लागली. मला खालून त्यांचा आवाज ऐकू येत होता, एकेक, एकेक. मग आवाज थांबला आणि ती बराच वेळ खाली आली नाही. मी वर गेलो. ती त्या छोट्या बेडवर पाय पोटाशी घेऊन निजली होती, आमच्याकडे पाठ करून, असं लिहायला गेलो होतो. पण मी एकटाच होतो. माझ्याकडे पाठ करून. मी दिवा बंद करू का म्हणून दोनदा विचारलं.

आयलाचं पुढे काय झालं ते आम्हाला कळत नाही. कळवावं असं आईला वाटलं तर कळतं. तिला वाटलेलं नाही, आणि तिला सगळं नव्याने सुरू करायचं असेल तर त्यात आम्ही बसत नाही, हे मी समजू शकतो. बेड आता दुसऱ्यांना दिलेला आहे. मधल्या काळात बरीच मुलं त्यावर झोपून गेली. सासूबाई रविवारी व्हिडिओ कॉल करतात, फोन इतका जवळ धरतात की त्यांचा एकच डोळा दिसतो, आणि विचारतात, "बयोचं काही कळलं?"

"नाही आई."

"चांगलं आहे. माहेरी असलेल्या पोरीची काय खबर येणार? खबर नाही म्हणजे सुखात आहे." मग डोळा बाजूला होतो, आणि नागपूरचा पंखा दिसत राहतो.

आता परत ओली पानं दाराशी आली आहेत. बस-स्टॉपवर पिवळे बूट दिसले की मी अजून पायांकडे पाहतो, बरोबर घातलेत का. ती आता मोठी झाली असेल. बूट बरोबर घालत असेल, केस वाढवले असतील किंवा नसतील. परवा वैदेहीने भातावर तूप घालताना चमच्याने त्यात एक रस्ता काढला, तो पाहिला, आणि भात कालवून टाकला.

आयला गेल्यावर फियोना एकदा भेटायला आली होती. कोट न काढता सोफ्याच्या कडेवर बसून ती म्हणाली, "या वयाची मुलं विसरतात. घर, चेहरे, नावं, सगळंच. पण तुम्ही तिला जे दिलंत ते वाया जात नाही. ते तिच्या आत राहतं, आणि त्यावरच ती मोठी होते." वैदेहीने तिचा हात धरला. मी त्या वाक्याला कितीतरी दिवस धरून होतो, आणि तेव्हापासून, आत नक्की किती राहतं ते कळावं म्हणून, पांडांविषयी हाती लागेल ते वाचत गेलो.

पांडाचं पोट मुळात मांस खाणाऱ्या प्राण्याचं आहे. तो जागेपणाचा बहुतेक वेळ बांबू खातो, त्यातला अगदी थोडा अंगी लागतो, आणि उरलेला जवळपास जसा आत गेला तसाच, हिरवा, बाहेर पडतो.